पांढरी चौकट

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांचं डोंगराशी वैर होतं. डोंगरानं त्यांचं काही बिघडवलेलं नव्हतं. बिघडवायला तो जवळपास असायला तर हवा! परभणीहून झरीच्या पुढं गेलं की दोन्ही अंगांना काळी जमीन परातीतल्या पिठासारखी सपाट पडलेली आहे. उंच म्हणावं असं काही असेल तर मोबाईलचा टॉवर. पण पोरांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की सगळ्या वह्यांत तेच: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर नारळ आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी.

मास्तरांनी एकदा अशी एक वही उचलली आणि तिच्या मालकाला विचारलं, “हा डोंगर कुठला?”

“निसर्गातला, सर.”

“चल, दाखव.”

आणि सगळा वर्ग घेऊन मास्तर डोंगर बघायला निघाले. ओढ्यापर्यंत गेले, तिथून सिंदीच्या झाडांपर्यंत, तिथून गावाची शीव धरून वळसा. वर्ग दुपारच्या सुट्टीनंतर परतला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागवला. मास्तरांनी तो दिला: “डोंगर शोधण्यास गेलो होतो. आढळून आला नाही. पुढील आठवड्यात पुन्हा शोध घेण्यात येईल.” मुख्याध्यापकांनी तो फाईलला लावला. करणार काय? भाषा तर सरकारीच होती.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. परभणीहून मोटारसायकलवर येतो, शाळा सुटली की जातो. याला आमच्याकडं ‘अपडाऊन’ म्हणतात आणि निम्मी गुरुजन मंडळी तेच करतात. मास्तर मात्र बायकोला घेऊन गावातच दोन खोल्यांत राहायचे. “सर,” ते मला म्हणायचे, “तुमी गावात येत न्हाईत. गावाला टेकून जाता.”

अंगात पांढरा शर्ट, पण त्याचे खिसे कायम मातकट, कारण खिशात मातीची ढेकळं. गावठाणातली पांढरी माती, बांधावरची तांबूस, विहिरीच्या खोदकामातली पिवळी. चष्म्याच्या डबीत चष्मा नसायचा, बाभळीचा डिंक असायचा. चष्मा कपाळावर. सत्काराच्या शाली घरी आणून ते फाडायचे आणि रंग पुसायला वापरायचे. “बाकी कशाला कामाची न्हाई,” म्हणायचे, “पण पानी चांगलं धरते.”

आणि सगळ्यात मोठी गंमत सांगायची तर मास्तरांना चित्र काढता येत नव्हतं. नम्रता म्हणून हे सांगत नाही. त्यांची म्हैस बाजेसारखी दिसायची आणि बाज म्हशीसारखी. हे त्यांना माहीत होतं. मी एकदा विचारलं, मग तुम्ही शिकवता कसं? तर म्हणाले, “मी काढायला कुठं शिकवायलोय? मी बघायला शिकवायलोय. काढल्याबिगर बघितलं का न्हाई ते कळत न्हाई, म्हनून काढायचं.”

शाळेची सहल एकदा चारठाण्याची मंदिरं बघायला गेली. सगळे शिक्षक शिल्पकलेच्या थोरवीवर बोलत होते. मीही बोललो असेन, अशा ठिकाणी तोंडून काहीतरी जातंच. मास्तर एका खांबापाशी उकिडवे बसून होते. मला जवळ बोलावून म्हणाले, “ह्या गड्यानं हत्ती पाह्यलेला हाय. बगा, गुडघ्याला कसा वाकलाय. अन् हा सिंव बगा. कुत्र्यावानी झालाय. सिंव पाह्यलेला न्हाई, तोंडी ऐकून काढलाय.” मग त्या दगडाच्या सिंहाच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटले, “जाऊ द्या. मालकानं सांगितलं असंल.”

शाळेच्या दारात ‘निसर्गाशी नाते जोडा’ असा एक फलक होता. तो लिंबाला चार खिळे ठोकून लावलेला होता. त्याच फलकाखाली दरवर्षी वृक्षारोपण व्हायचं, भाषणं व्हायची, आणि भाषण करणारे सावलीला उभे राहायचे. मास्तर तेव्हा हजर नसायचे. नात्याबित्याच्या गोष्टी त्यांनी कधी केल्या नाहीत. त्यांनी भिंत केली.

शाळेची कुंपणाची भिंत लांबलचक, रस्त्याच्या कडेनं जाणारी. मास्तरांनी तिला चुना दिला आणि गेरूनं चौकटी आखल्या. गावातल्या प्रत्येक घराला एक, प्रत्येक शिक्षकाला एक. वर्षातून एकदा, वेळ अमावस्येनंतरच्या रविवारी, ज्यानं त्यानं जुनं चित्र चुन्यानं पुसून आपली चौकट नव्यानं रंगवायची. आमच्याकडं वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळी माणसं रानात; झोपडीसारखी कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं ही रीत. मास्तर त्या दिवशी सकाळी निघायचे आणि शिवारातल्या प्रत्येक कोपीत आंबील पिऊन दिवेलागणीला डुलत परत यायचे. जाताजाता प्रत्येकाला आठवण करून द्यायची, “आयतवारी भिंत हाय.”

भिंतीचा नियम एकच. या वर्षी, आपल्या शिवारात, आपल्या डोळ्यानं जे पाहिलं तेच काढायचं. काही पाहिलं नसेल तर चौकट पांढरी सोडायची. रंग गावातलेच: माती, गेरू, काजळी, चुना, डिंक. कुंचला म्हणजे टोक ठेचलेला सिंदीचा फोक. शिवाय एक जाड वही होती. तिच्यावर मास्तरांनी ‘पाहणी वही’ असं लिहिलं होतं. भिंतीवर यायचं तर आधी वहीत यावं लागायचं: काय दिसलं, कुठं दिसलं, कुणाला दिसलं, आणि खाली सही किंवा अंगठा.

पहिल्या वर्षी बहुतेक भिंत पांढरी राहिली, असं जुने लोक सांगतात. शेतात जन्म गेलेल्या माणसांना वहीसमोर बसवलं तर आठवेना, औंदा पाहिलं काय. पण गावात पांढऱ्या चौकटीची चेष्टा सुरू झाली. पारावर, पाण्याच्या टाकीपाशी, पिठाच्या गिरणीत. “काय पाटील, डोळे तपासून घ्या. तुमची पांढरी हाय म्हनं.” चेष्टा ही आमच्याकडं सर्वात जलद चालणारी यंत्रणा आहे. दुसऱ्या वर्षी लोक बघायला लागले. कुणी टॉवरवरचं घारीचं घरटं काढलं, टॉवरसकट. कुणाच्या सुनेनं अंगणातली मुंग्यांची रांग काढली. चौकटीच्या एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्यातून निघालेली, मधे एक मुंगी उलटी चाललेली. “ही उलटी कामून?” मास्तरांनी विचारलं. “ती काहीतरी इसरली आसंल,” सून म्हणाली. मास्तरांनी वहीत तसंच लिहिलं.

बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना एकच मुंगूस दिसलं होतं. थोरल्याच्या रानातून ते धाकट्याच्या रानात गेलं, त्याच बांधावरून. दोघांच्या चौकटी शेजारी. शेवटी मुंगसाचं तोंड धाकट्याच्या चौकटीत आलं, शेपूट थोरल्याच्या, आणि वहीत एका नोंदीखाली दोघांच्या सह्या. वकिलाशिवाय दोघांनी एकत्र सही केलेला तो एकच कागद असावा.

आता माझं. शिक्षकांनाही चौकट होती आणि माझी सतत पांढरी. विज्ञानाच्या शिक्षकाची चौकट पांढरी हे बरं दिसत नाही. एका वर्षी मी टिटवी काढली. टिटवी मला पुस्तकातून माहीत होती. वहीत लिहिलं: ओढ्याकाठी, सकाळी. चित्र मास्तरांच्या म्हशीपेक्षा बरंच चांगलं आलं होतं. बाभळीच्या फांदीवर बसलेली टिटवी, चोच जराशी उघडी.

दोन दिवस कुणी काही बोललं नाही. माझ्या शेजारची चौकट एका आजींची होती. तिसऱ्या दिवशी मी गाडी लावत होतो, तेव्हा त्या काठी टेकत आल्या आणि चित्राकडं बघत म्हणाल्या, “गुरुजी, तुमची टिटवी झाडावर चढली. औंदा लय मोठा पाऊस यायचा दिसतोय.”

मला कळेना. पलीकडं पोरं तोंडात बोळे कोंबून उभी होती. टिटवी झाडावर बसतच नाही. जमिनीवर राहते, जमिनीवर अंडी घालते, आणि हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. मी मास्तरांकडं गेलो. ते चहा गाळत होते. म्हणाले, “चुन्याची बादली मागं ठिवली हाय.” एवढंच. मी माझी टिटवी माझ्या हातानं पुसली. त्यानंतर मी अधूनमधून गाडी ओढ्यापाशी थांबवायला लागलो. फार नाही, पाच-दहा मिनिटं. चौकट पांढरीच राहत होती, पण निदान खरी.

मास्तरांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते, तेव्हाची गोष्ट. गावानं कुठल्याशा सुंदर गावाच्या स्पर्धेत नाव घातलं होतं. समिती येणार होती. सरपंच एक बाई होत्या; म्हणजे कागदावर. कारभार त्यांचे मालक बघायचे. खुर्चीत तेच, मोटारीत तेच, आणि बाईंच्या नावापुढची सहीही तेच करायचे. माणूस वाईट नव्हता. कामाचा होता आणि घाईत होता.

ते वर्ष पाखरांचं नव्हतं. पाऊस उशिरा आलेला, फवारण्या जास्त झालेल्या. येळवसनंतर भिंत रंगली तेव्हा निम्म्या चौकटी पांढऱ्या. सरपंचबाईंचीही पांढरी. मालक शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मास्तर आणि मी, दोघांनाही बोलावणं.

“मास्तर, ह्या चौकटी कशा दिसायल्यात? दात पडलेल्या म्हाताऱ्यावानी.”

“दात पडलेत म्हनून तशा दिसायल्यात.”

“मग बसवू की कवळी! परभणीहून पेंटर बोलवलाय, शनिवारी येतोय. मस्त डोंगर, राजहंस, धबधबा. समिती खूश.”

“राजहंस कुनी पाह्यला?”

“कुनी कशाला पाहायला पायजे? स्पर्धा हाय, मास्तर!”

मुख्याध्यापकांनी पेन्सिल खालीवर केली आणि निकाल दिला. भिंत शाळेची आहे, पेंटर येऊ दे. मग जरा समजुतीनं म्हणाले, “मास्तर, चारच महिने राहिले. शांततेत काढा.”

बाहेर आल्यावर मास्तर पायरीवर बसले. त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. उकिडवे असायचे नाहीतर उभे. म्हणाले, “सर, एक खोटी चौकट भरली की खऱ्या बी मेल्या. उद्या कोन वळखनार, कंची पाह्यलेली अन् कंची नुसती काढलेली? ते मुंगूस बी खोटं होतंय मग. त्या मुंग्या बी.” मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार होतो, तोवर ते उठले. “पेंटरला अडवायचं न्हाई. पन वहीत आल्याबिगर भिंतीवर यायचं न्हाई, हे काय आजचं हाय का? चला, सह्या घ्यायच्यात. तुमी शाईचं पॅड धरा. साक्षीदार म्हनून.”

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पांढऱ्या चौकटीवाल्या घरांकडं निघालो. मास्तर दारात उभे राहायचे आणि सरकारी आवाजात वाचून दाखवायचे: “या घराने चालू वर्षी आपल्या शिवारात डोंगर एक, राजहंस दोन, धबधबा एक, असे स्वतःच्या डोळ्याने पाहिले. सही करा.”

पहिल्या घरचा माणूस हसला. मास्तर हसले नाहीत. मग तोही हसायचा थांबला. “मास्तर, ह्याच्यावर कशी करू? गाव थुकंल की तोंडावर.” दुसऱ्यानं पेन हातात घेतला, टोपण काढलं, पुन्हा लावलं. आजींच्या दारात मी पॅड पुढं केलं तर त्या म्हणाल्या, “मरनाला टेकलेलं माणूस म्या. आता धबधब्यावर अंगठा देऊ व्हय?” कुणी नकारही दिला नाही, कुणी सहीही दिली नाही. सगळे एकच बोलले, “सरपंचाच्या घरी काय म्हणतात ते बघा.” गावात धाडस असतं, पण त्याला आधी कुणीतरी पुढं जावं लागतं.

सरपंचांचं घर शेवटी. मालक ओसरीवर फोनवर बोलत होते. आम्हाला बघून त्यांनी फोन ठेवला आणि हात पुढं केला. “आना हिकडं, मी करतो सही.”

“तुमची न्हाई चालत,” मास्तर म्हणाले. “चौकट बाईंच्या नावची हाय. पयल्यापास्नं त्याच रंगवायल्यात.”

“अहो, मीच करतो सगळ्या तिच्या सह्या!”

“ग्रामपंचायतीत करत असाल.”

बाई चुलीपाशी होत्या. भाकरीचं पीठ हाताला तसंच, दारात आल्या. मास्तरांनी मजकूर पुन्हा वाचला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला.

“मास्तर, राजहंस कसा असतो वो?”

“मला बी मालूम न्हाई, बाई. मी बी चित्रातच पाह्यला.”

“मंग म्या कशी करू सही?”

“अगं, नुसतं नाव लिव्हायचंय!” मालक म्हणाले. “उद्या पेंटर यायलाय. बक्षीस तुज्याच हातात देनार हायत ना?”

बाईंनी हाताचं पीठ पदरानं पुसलं. आवाज चढवला नाही. “तुमी माज्या नावानं लय सह्या केल्या. म्या कदी काय म्हनले का? ठरावावर केल्या, चेकावर केल्या. ही करायची न्हाई. ही एवढी माजी हाय.”

मालकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, हातातल्या शाईच्या पॅडसकट. मी साक्षीदार होतो. खाली बघण्यापलीकडं साक्षीदारानं काय करायचं असतं मला माहीत नव्हतं.

“मंग पेंटरला काय सांगू?” शेवटी ते म्हणाले. आवाज निम्मा झाला होता.

“च्या पाजा अन् म्हनावं गेट रंगव,” बाई म्हणाल्या.

पेंटरनं शनिवारी गेट रंगवलं. हिरवं, फार सुंदर. समिती आली, नारळ, शाली, टाळ्या झाल्या. समितीचे अध्यक्ष भिंतीच्या कडेनं चालत गेले. रंगवलेल्या चौकटींपाशी थांबले नाहीत. पांढऱ्या चौकटींपाशी मात्र थांबले. “ह्या भरून घ्यायला हव्या होत्या,” म्हणाले.

मालक तोंड उघडणार एवढ्यात बाई म्हणाल्या, “दिसलं की भरतील, साहेब.” सरपंच म्हणून त्या चार माणसांत बोललेलं मी ते पहिलं वाक्य ऐकलं. तेव्हापासून सह्याही त्या स्वतःच करायला लागल्या. सावकाश, जीभ दाताखाली धरून, पण स्वतः. मालकांनी महिनाभर मास्तरांशी बोलणं सोडलं आणि मग उन्हाळ्यात एकदा गिरणीपाशी गाठून सांगितलं की विहिरीत घोरपड दिसलीय, वहीत लिहून ठेवा.

बक्षीस दुसऱ्या गावाला मिळालं. त्या गावात, ऐकतो, प्रत्येक भिंतीवर राजहंस आहे.

निवृत्तीनंतर मास्तर मुलाकडं पुण्याला गेले. जायची इच्छा नव्हती, पण बायकोचे गुडघे गेले होते आणि मुलाच्या इमारतीला लिफ्ट होती. जाताना पाहणी वही बाईंकडं दिली. नव्या ड्रॉइंगच्या शिक्षकांना दिली नाही, कारण ते अपडाऊन करणारे. आता बाई सरपंच नाहीत, वही मात्र त्यांच्याकडंच आहे, आणि भिंतीवर मास्तरांची चौकटही तशीच राखलेली आहे.

गेल्या येळवसनंतरच्या रविवारी मी गावात होतो. रविवारी मला शाळेत काम नसतं, तरी होतो. भिंतीपाशी गर्दी, पोरं मातीचे रंग कालवत होती, बाई वही मांडीवर घेऊन पायरीवर बसलेल्या. माझा फोन वाजला. मास्तर. मी स्पीकरवर टाकला.

“सर, भिंत चालू हाय का? बाई हायत का तिथं?”

“हाय, मास्तर. बोला,” बाई पायरीवरूनच म्हणाल्या.

“बाई, माजी नोंद घ्या. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून बघितलं. घार. पंखाचं एक पीस गळालेलं, डाव्या. तीन दिवस बघायलोय, तीच हाय, नक्की तीच. माझ्या चौकटीत कुनालाबी काढायला सांगा. माज्यापेक्षा चांगलीच येईल.”

आजूबाजूचे सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “कुटं दिसली म्हनलात?”

“हितं. पुण्यात.”

“आपल्या शिवारात न्हाई?”

पलीकडून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. भिंतीपाशी हात थांबले. एका पोरीच्या फोकावरून गेरू ठिबकत होता.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “तुमीच लावलेला नेम हाय. मला न्हाई मोडता येत. तुमची चौकट औंदा पांढरी.” आणि त्यांनी टोपण लावलं.

मला वाटलं, म्हातारा दुखावला. फोन माझ्या हातात होता, म्हणून तो जवळ घेऊन मी काही गोड बोलण्याच्या तयारीला लागलो. तेवढ्यात पलीकडून मोठ्यानं नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“बरोबर हाय,” मास्तर म्हणाले. “बिलकुल बरोबर हाय. बाई, पांढरीच ठिवा. अन् आता फोन ठिवा तुमी, मला गाडीचं बगू द्या. सांच्याला परभणीची एक निघते.”